चाळिसावं नाव

मी, सकवारबाई बालाजीराव साळुंके, वय वर्षे त्र्याहत्तर, जन्म तंजावर, हल्ली राहणार अड्यार, चेन्नई, व्यवसाय आधी किराणा व्यापार आणि नंतर लोकप्रतिनिधी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझं यकृत गेलं आहे, डोकं जागेवर आहे. डॉक्टर सहाना यांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत टाचला आहे. हे लिही म्हणून माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. लिहू नको म्हणून एकाने आणला, माझ्या मुलाने. तो मी मानला नाही. याआधी २०१६ साली मी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात खोटं काही नव्हतं. खरंही काही नव्हतं.

माझे वकील व्यंकटेश यांचं म्हणणं पडलं, "अक्का, इंग्रजीत लिहा, कोर्टाला सोपं जाईल." मी म्हटलं, इंग्रजीत मी जन्मभर अर्ज लिहिले आणि तमिळमध्ये भाव केले. घरातलं बोलणं मराठीत केलं. हे घरातलं आहे. त्याचं भाषांतर ते करून जोडतील आणि माझं वाक्य मऊ करणार नाहीत, असं त्यांनी कबूल केलं आहे.

कलम पहिले. माझी माणसं.

माझे पती बालाजीराव सैन्यात हवालदार होते. ते १९८१ साली वारले. मुलगा हरिप्रसाद, वय अठ्ठेचाळीस, पेरुंगुडीला राहतो, तिथल्याच एका कंपनीत नोकरी करतो. सून संयुक्ता. नात हरिणी, वय सोळा. तिला मराठी कळतं, पण ती उत्तर तमिळमध्ये देते. आणि कनका, वय सत्तावीस. ती माझ्या पोटची नाही. सहा वर्षांची असल्यापासून माझ्याजवळ वाढली. मला पेरियम्मा म्हणते, म्हणजे थोरली मावशी. आवडी नावाच्या उपनगरात शाळेत शिकवते, तिथेच क्वार्टरमध्ये राहते आणि दर रविवारी लोकल धरून माझ्याकडे येते. येत असे. हा क्रियापदाचा बदल का झाला, ते पुढे येईल.

कलम दुसरे. बेटावरची जमीन.

१९७५ साली सरकारने माजी सैनिकांना दक्षिणेकडच्या एका बेटावर अकरा-अकरा एकर जंगल दिलं. मद्रासहून पोर्ट ब्लेअर (आता त्याचं नाव बदललं आहे, मी जुनंच लिहिते) आणि तिथून लहान जहाजाने पुढे. आमच्या वस्तीला नाव नव्हतं. जेट्टीपासून नऊ मैलांवर, म्हणून नववा मैल. मी तेवीस वर्षांची होते. पहिल्या रात्रीपासून जळवा, दुसऱ्या महिन्यापासून हिवताप.

त्या अकरा एकरांतले साडेसहा एकर आज समुद्राखाली आहेत. २००४ च्या भूकंपात जमीनच खाली बसली. मालकीचा पट्टा मात्र अकरा एकरांचाच आहे. वर उरलेले साडेचार एकर, त्यावर असतील नसतील ती सुपारीची झाडं, हरिप्रसादला. तो तिकडे कधी जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी कागद त्याच्या नावे व्हावा. त्याच्या बापाचा जीव त्या जमिनीत गेला. गर्जन नावाचं तिथलं एक उंच जंगली झाड तोडताना ते पाहिजे त्याच्या उलट्या अंगाला पडलं. आम्ही पोचेपर्यंत संपलं होतं.

माझे दीर वेंकोबा यांनी तेराव्यानंतर तंजावरहून पत्र पाठवलं, की वहिनीने मुलाला घेऊन परत यावं, पण त्याआधी जमिनीचे कागद रजिस्टर टपालाने पाठवावेत. आधी कागद, मग वहिनी. ते पत्र मी दुकानाच्या पत्र्याला आतून चिकटवून ठेवलं होतं. वेंकोबा आता नाहीत. त्यांच्या मुलाबाळांना माझ्या इस्टेटीतून काहीही देऊ नये.

कलम तिसरे. दुकानाची हत्यारं.

लोखंडी तराजू, पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंतची वजनं, रॉकेल मोजायची मापं, सुपारीचे दोन मोठे अडकित्ते, हे सगळं माझी सोबतीण तुळसी हिला. तीन वर्षं ती माझं उठणं-बसणं करते आहे. तिच्या भावाचं तांबरमला दुकान आहे, तिथे वापरावं किंवा भंगारात घालावं. याखेरीज तिला दोन लाख रुपये रोख.

दुकान मिठापासून सुरू झालं. १९७६ च्या पावसात जहाज चाळीस दिवस आलं नाही, आणि सगळ्या नवव्या मैलावर मीठ फक्त माझ्याकडे होतं, कारण मी येताना दोन पोती जास्त आणली होती. मी भाव वाढवला नाही. हे चांगुलपणा म्हणून सांगत नाही. मला तेव्हाच कळलं होतं, की ज्याने मीठ दिलं त्याच्याकडे लोक परत येतात. पंजाबी, मलयाळी, बंगाली, आमच्यासारखे तमिळ मुलखातले मराठी, सगळे माझ्या फळीसमोर उभे राहत. कोणाच्या घरी पाहुणा आला, कोणाची बायको गरोदर, कोण दारूला लागला, हे मला त्यांच्या पिशवीवरून समजे. पुढे मी पंचायतीला उभी राहिले तेव्हा मत मागायला घरोघर जावं लागलं नाही. घरं रोज माझ्याकडेच येत होती.

कलम चौथे. एक जुनं वैर.

हे मृत्युपत्रात लिहायची गोष्ट नाही, असं व्यंकटेश म्हणाले. पण पुढचं कलम याच्यावर उभं आहे.

आमच्या वस्तीत रामस्वामी नावाचे निवृत्त सुभेदार होते. माणूस कष्टाळू. त्यांची बायको शर्मिष्ठा ही उत्तरेकडच्या बेटावरच्या बंगाली निर्वासितांपैकी. त्यांच्याहून खूप लहान, गोरी, हसरी. २००० साली जिल्हा परिषदेची जागा आली. पूर्ण दक्षिण भागाला एकच सभासद, पोर्ट ब्लेअरला बसणारा. मी उभी राहिले, रामस्वामीही उभे राहिले. शेवटच्या सभेत त्यांनी जेट्टीवर माईक हातात घेऊन सांगितलं, "सकवारबाईच्या दुकानाला दोन दारं आहेत. पुढचं गिऱ्हाइकांचं, मागचं साहेबांचं."

लोक हसले. मी बाजूला उभी होते, माझा मुलगा शेजारी होता. मी बाकीच्या हसणाऱ्यांकडे पाहिलं नाही, एका बाईकडेच पाहिलं. पहिल्या ओळीत शर्मिष्ठा होती, कडेवर दोन वर्षांची कनका, आणि ती हसत होती.

मी एकतीस मतांनी निवडून आले. रामस्वामींनी दुसऱ्या दिवशी येऊन हात जोडले. "निवडणुकीत तोंडातून जातं, अम्मा," म्हणाले. त्यांना मी माफ केलं. पुरुषाने बोलायचं ते तो बोलला. पण शर्मिष्ठा चार दिवसांनी दोरा घ्यायला आली, फळीशी घुटमळली, म्हणाली, "दीदी, त्या दिवशी..." मी म्हटलं, "दोरा संपला." समोर दोऱ्याचा डबा उघडा होता. तिने तो पाहिला. मग ती पाच मैल चालत दुसऱ्या दुकानात जाऊ लागली. चार वर्षं मी तिला काही विकलं नाही.

कलम पाचवे. चाळीस नावांचा कागद.

२६ डिसेंबर २००४, रविवार. सकाळी जमीन हलली आणि हलतच राहिली. नंतर पाणी आलं. लाट कशी होती ते मी अनेक व्यासपीठांवरून सांगितलं आहे, इथे सांगत नाही. माझं घर आणि दुकान चढावर होतं, मी आणि हरिप्रसाद वायरलेसच्या टेकडीवर पोचलो. खालची वस्ती गेली. रामस्वामी गेले. संध्याकाळपर्यंत टेकडीवर एकशे बारा माणसं जमली. त्यांत शर्मिष्ठा होती. तिचा डावा पाय घोट्यापासून खाली चिरडला होता. कनका तिच्या मांडीवर, अंगात ताप, पोटात खारं पाणी गेलेलं.

तीन दिवस आम्ही शहाळ्यांवर काढले. बुधवारी सकाळी लांब एक जहाज दिसलं आणि त्याची होडी किनाऱ्याला लागली. एक तरुण अधिकारी वर चढून आला. त्याने विचारलं, इथे जबाबदार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी सभासद होते.

तो म्हणाला, "मॅडम, होडीत चाळीस माणसं. एक्केचाळिसावा चढला तर चाळीसही बुडतील. आधी जखमी आणि मुलं. तुम्ही या लोकांना ओळखता, तुम्हीच यादी करा. उरलेल्यांना उद्या नेऊ. समुद्राने येऊ दिलं तर."

शाळेचं हजेरीपत्रक कोणीतरी छातीशी धरून आणलं होतं. त्याचं मागचं कोरं पान मी फाडलं. अधिकाऱ्याला वाचता यावं म्हणून इंग्रजीत नावं लिहिली. एकोणचाळीस नावं मी बरोबर लिहिली. आज पुन्हा तपासली तरी त्यांतलं एकही बदलणार नाही. एकोणचाळिसावं कनकाचं होतं.

चाळिसाव्या ओळीवर मी शर्मिष्ठाच्या नावाची पहिली दोन अक्षरं लिहिली. मग मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती. ती काही मागत नव्हती, नुसती बघत होती. मी ती दोन अक्षरं खोडली आणि पुढे माझ्या मुलाचं नाव लिहिलं.

हरिप्रसाद सत्तावीस वर्षांचा होता. धडधाकट. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

अधिकाऱ्याने यादी वाचली, माणसं मोजली, म्हणाला, "ती पाय चिरडलेली बाई?"

मी म्हटलं, "तिला हलवलं तर रक्त सुटेल. उद्याच्या फेरीला स्ट्रेचर आणा."

त्याला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. मी अठ्ठावीस वर्षं फळीमागे उभी राहून पटण्यासारखं बोलायला शिकले होते.

खाली होडीशी हरिप्रसादने विचारलं, "अम्मा, त्या बाईचं काय?"

"तू बस."

"मी उद्या येतो. तिला..."

"हरी, बस म्हटलं ना."

तो बसला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, की ती जागा त्याने मागितली नाही, मी दिली. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याने आईचं ऐकलं. त्यानंतर तो बेटावर परतला नाही. बसमध्ये जागा रिकामी असली तरी तो उभा राहून प्रवास करतो. संयुक्ताला वाटतं त्याची पाठ दुखते. आता तिला खरं कळेल. तिने त्याला त्यावरून बोलू नये, अशी माझी विनंती आहे.

दुसऱ्या दिवशी होडी आली नाही. समुद्र फुगला होता आणि जहाजाला इतर बेटांवरही माणसं उचलायची होती. कोणाला दोष देण्यासारखं नाही. होडी थेट रविवारी, दोन जानेवारीला आली.

शर्मिष्ठा शुक्रवारी, ३१ डिसेंबरला, दुपारी गेली. पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला होता. वास येऊ लागल्यावर लोक लांब जाऊन बसले. मी तिच्याजवळ बसले. माया म्हणून नाही. ती कोणाला काही सांगेल की काय, या भीतीने बसले होते. तिला तेवढं कळत होतं, असं मला वाटतं. शेवटच्या दिवशी तिने एकच विचारलं, "दीदी, कनकाला होडीत कोणाजवळ बसवलंत?"

मी म्हटलं, "हरीजवळ."

तिने मान हलवली. "मग बरं," म्हणाली.

मी तिला शहाळ्याचं पाणी पाजलं, ते ओठातून बाहेर आलं. टेकडीच्या मागच्या उतारावर चार जणांनी खड्डा खणला.

ती यादी होडीवाल्यांनी नावं मोजून मला परत दिली होती. इतकी वर्षं ती माझ्या लोखंडी कपाटात, निळ्या फायलीत होती. खोडलेली दोन अक्षरं अजून वाचता येतात. तो कागद कनकाचा आहे.

कलम सहावे. खोटी नोंद.

मदत छावणीत मयतांची नोंद सुरू झाली. कारकून माझ्याकडून नावं घेऊन लिहीत होता. रामस्वामी, २६ डिसेंबर, लाटेत. त्याच दमात मी सांगितलं, शर्मिष्ठा रामस्वामी, २६ डिसेंबर, लाटेत. त्याने तसं लिहिलं. दोष माझा आहे, त्याचा नाही. शर्मिष्ठा लाटेत गेली म्हटलं की ती टेकडीवर नव्हती, आणि टेकडीवर नव्हती म्हटलं की होडीचा प्रश्नच उरत नाही. ज्या माणसांनी तिला टेकडीवर पाहिलं होतं, त्यांतल्या होडीतून गेलेल्या अडतिसांच्या घरचे माझ्या उपकारात होते. बाकीच्यांना पुढे पक्की घरं मिळायची होती, आणि त्या यादीवरही शिफारस माझीच होती. कोणी बोललं नाही. मला कोणाला गप्प बस असं सांगावं लागलं नाही.

२००५ च्या निवडणुकीत मी दुपटीहून जास्त मतांनी आले. त्या वर्षी मला एक मानपत्र आणि पितळी ढाल मिळाली, तिच्यावर "चाळीस प्राण वाचवणारी माता" असं कोरलं आहे. ती ढाल वितळवून टाकावी. ती कोणत्याही संस्थेला, शाळेला, वाचनालयाला देऊ नये. माझ्या नावाने सभा घेऊ नये.

कलम सातवे. कनका.

तिचं कोणी नव्हतं. मी तिला घेतलं. लोक म्हणाले, विरोधकाची मुलगी सांभाळते, बघा केवढं मन. पोर्ट ब्लेअरला माझ्या सरकारी खोलीत ती वाढली. २०१० मध्ये राजकारण सोडून मी चेन्नईला आले, तेव्हा अड्यारच्या शाळेत घातली.

पहिली दोन-तीन वर्षं ती अचानक विचारायची. "पेरियम्मा, अम्मा टेकडीवर होती ना?"

मी म्हणायचे, "नाही गं. तुला ताप होता. तुला स्वप्न पडलं."

"तिने माझ्या केसांतली माती काढली. एक एक खडा काढून बाजूला ठेवत होती."

"ती मी होते," मी म्हणायचे. "तुझ्या केसांतली माती मी काढली."

सहा-सात वर्षांचं पोर. किती वेळा विचारणार? विचारणं थांबलं. पुढे दहावीत तिने आठवणीवर निबंध लिहिला. माझ्या पेरियम्माने टेकडीवर माझ्या केसांतली माती काढली, ही माझी पहिली आठवण, असं त्यात होतं. तिला बक्षीस मिळालं. तो निबंध तिने मला वाचून दाखवला आणि मी ऐकून घेतला.

मी माणसाच्या पाठीवरून हात फिरवून मत घेतलं आहे, अडल्या वेळी सुपारी स्वस्तात घेतली आहे, लोकांना घरं देताना माझी माणसं आधी घातली आहेत. ते सगळं मी इतरांनीही केलेलं पाहिलं आहे. पण एका पोरीच्या डोक्यातून तिची आई काढून तिथे आपण जाऊन बसणं, हे मी दुसऱ्या कोणी केलेलं ऐकलेलं नाही.

दर मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला कनका आईवडिलांसाठी केळीच्या पानावर भात ठेवते आणि गच्चीवरून कावळ्याला हाक मारते. वडिलांची तिथी बरोबर आहे. आईची ती नव्हे. आईची वद्य पंचमी. वीस वर्षं मी शेजारी उभी राहून पाहिलं आहे.

कलम आठवे. या मृत्युपत्रात २६ ऑक्टोबरनंतर झालेले बदल.

पहिल्या मसुद्यात अड्यारचा हा फ्लॅट कनकाला होता, आणि माझे अंत्यसंस्कार तिने करावेत असं लिहिलं होतं. हरिप्रसादला मी ते आधी सांगितलं. तो माझ्या पलंगाजवळ उभाच होता.

"फ्लॅट दे तिला, अम्मा. अंत्यसंस्कारही तिलाच करू दे. पण ते टेकडीवरचं लिहू नको. वीस वर्षं झाली. हे वाचून तिचं काय भलं होणार?"

"तिचं भलं होईल असं मी म्हटलेलं नाही."

"मग?"

"ते तिचं आहे."

"ती मला अण्णा म्हणते," तो म्हणाला. "उद्यापासून काय म्हणेल?" तो माझ्यासमोर रडला. मी त्याला लहानपणानंतर रडताना पाहिलं नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं, की हे मेल्यावर वाचायला ठेवणं म्हणजे पुन्हा तेच. अवघड जागी मी नसायचं आणि दुसऱ्याने बसायचं. म्हणून रविवारी, २६ ऑक्टोबरला, कनका आली तेव्हा तुळसीला मी बाजारात पाठवलं आणि पाचवं, सहावं, सातवं कलम तिला माझ्या तोंडाने वाचून दाखवलं. तिला मराठी नीट समजतं. मी थांबत थांबत वाचलं. यादी तिच्या हातात दिली.

तिने त्या चाळिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. मग तिने विचारलं, "किती दिवस होती?"

"पाच."

"तिला दुखत होतं?"

"हो."

"तिने मला विचारलं?"

"हो." शर्मिष्ठाने काय विचारलं ते मी पुन्हा सांगितलं. हरीजवळ बसवलंय म्हटल्यावर 'मग बरं' म्हणाली, हेही.

कनका म्हणाली, "म्हणजे ते हात तिचे होते."

"तिचेच. मी तुझ्या केसांना तिथे हातसुद्धा लावला नाही."

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोसलं असतं. ती म्हणाली, "मला तिचा चेहरा आठवत नाही, पेरियम्मा. मी जेव्हा जेव्हा आठवायला जाते तेव्हा तिथे तुमचा चेहरा येतो. आता तो कसा काढू?"



ती उठली. चार वाजताची माझी गोळी तिने डबीतून काढली, पाणी दिलं, मी गिळेपर्यंत थांबली. मग तमिळमध्ये म्हणाली, "हे घर मला नको. मला इथे झोप लागणार नाही. आणि तुमचं शेवटचं मी करणार नाही. ते अण्णा करेल. मला आईची तारीख पाहिजे, कागदावर, तुमच्या सहीने." यादीचा कागद पर्समध्ये ठेवून ती गेली. त्यानंतर दोन रविवार आले, ती आली नाही. मी फोन केलेला नाही.

तिने सांगितल्याप्रमाणे मी ३ नोव्हेंबरला नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केलं आहे, की शर्मिष्ठा रामस्वामी यांचा मृत्यू ३१ डिसेंबर २००४ रोजी दुपारी टेकडीवर पायाच्या जखमेने झाला आणि आधीची माहिती मी जाणूनबुजून खोटी दिली होती. त्यासाठी माझ्यावर खटला होत असेल तर व्हावा. दफनाची जागा नकाशासह दाखवली आहे. नोंद दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा व्यंकटेश यांनी करावा, त्याचा खर्च माझ्या इस्टेटीतून व्हावा.

फ्लॅट आता हरिणीला. दुसरं कोणी उरलं नाही. म्हणजे ही जागाही फिरून आमच्याच घरात आली. त्यावर मला काही करता आलं नाही. बँकेत उरेल ते हरिप्रसादला.

माझा अंत्यविधी हरिप्रसादने विद्युतदाहिनीत उरकावा. दिवस घालू नयेत. व्यवस्थापक म्हणून मी व्यंकटेश यांना नेमते.

काल व्यंकटेश यांनी सांगितलं, की कनकाने त्यांना फोन केला होता. नोंद दुरुस्तीच्या अर्जात आईच्या वडिलांचं नाव लागतं, ते माझ्या जुन्या कागदांत कुठे आहे का, असं विचारलं. होतं, मी काढून दिलं. तिने आणखी एक विचारलं, की यंदा मार्गशीर्ष वद्य पंचमी कोणत्या तारखेला येते. ती डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. डॉक्टर सहाना मला तोवरचा भरवसा देत नाहीत. त्या दिवशी आवडीला कुठल्याशा गच्चीवर पान मांडलं जाईल आणि ते फक्त शर्मिष्ठाचं असेल. मला तिथे बोलावणार नाहीत, आणि मी बोलावण्याची वाट पाहत नाही.

वरील आठही कलमं मी स्वतः लिहिली, पुन्हा वाचली. खाडाखोड कुठेही नाही. दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही केली, आणि माझ्या देखत त्यांनी.

सही: सकवारबाई बालाजीराव साळुंके

साक्षीदार पहिले: डॉ. सहाना राघवन, अड्यार. (सही)
साक्षीदार दुसरे: वेंकट सुब्रमणियन, शेजारी, तळमजला. (सही)

स्थळ: अड्यार, चेन्नई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार